एका श्वासात अकरा

माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "लिहून काढा, पुढच्याला उपयोग होईल." मी दूध तपासणारी बाई. फॅट किती, पाणी किती, एवढंच लिहायची सवय. म्हणून जसं घडलं तसंच लिहिते. यात रडण्यासारखं बरंच आहे, पण त्या दिवसांत मी फारशी रडले नाही. धीर होता म्हणून नव्हे. काही वाटतच नव्हतं.

माझं नाव अनिता. घाटनांदूरला आमच्या सहकारी दूध संघाचं शीतकरण केंद्र आहे, तिथं मी नमुने तपासते. नवरा बालाजी त्याच संघाचा टँकर चालवतो. लिहिताना नावानं लिहिते, घरात 'अहो'च म्हणते. सासू आमच्याजवळ असते, तिला मी आत्या म्हणते. मुलगी वैष्णवी तेव्हा आठवीत होती.

आणि मी ट्रायथलॉन करत होते. आधी पोहायचं, मग ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, सायकल ठेवली की पळायचं. मध्ये थांबायचं नाही. आमच्या गावात हे सांगितलं की लोक विचारायचे, "अन् मग काय मिळतं?" एक पदक मिळतं, म्हटलं की विषय संपायचा.

पळणं पोलीस भरतीच्या वेळचं. उंचीत बसले नाही, पण पहाटे उठायची सवय राहिली. पोहायला वडिलांनी शिकवलं, नेकनूरला, मामाच्या विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. सायकल बालाजीनं आणून दिली, पुण्यातल्या कुणाची तरी वापरलेली. हँडल खाली वाकलेलं, टायर बोटाएवढं बारीक. तिच्यावरून मी पहिल्यांदा बाहेर पडले तेव्हा आत्या दारात उभी होती. "गुडघ्यावर चड्डी घालून बाईमानूस सडकंनं चाललंय. लोक काय म्हनतेत?"

पहिली स्पर्धा कोल्हापूरकडच्या एका तलावात होती. विहिरीत पोहलेल्या माणसाला सरळ रेषेत पोहायची सवय नसते. मी दोनदा वाट चुकले, एका बाईची लाथ तोंडावर बसली, आणि पाण्याबाहेर आले तेव्हा मागं चारच जण होते. सायकलवर मात्र अंबाजोगाईच्या घाटाची सवय कामाला आली. पळताना मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, पाय कुठं पडतोय कळत नव्हतं, तरी पळत राहिले. शेवटी माइकवरून माझं नाव आणि गावाचं नाव घेतलं, तेही चुकीचं. बालाजी दोन केळी घेऊन उभा होता. "पुढचं कधी हाय?" एवढंच त्यानं विचारलं.

हे मुद्दाम सांगते. पाय दुखले, पाय सुन्न झाले, तरी पुढं जायचं, हे मी त्या दोन-तीन वर्षांत शिकले होते. तेच मला नडलं.

खाणीतलं पाणी

सलग दुसरं वर्ष पाऊस झाला नाही. जनावरं चारा छावणीत गेली, काही विकली गेली. केंद्रावर सकाळी रांगेत येणारे कॅन कमी होत होत निम्म्याच्याही खाली आले. थंड करायचं यंत्र दिवसातून दोनच तास चालायचं. दुधाचा टँकर नुसता उभा राहायला लागला, तेव्हा संघानं ठरवलं की धुऊन घ्यायचा आणि वाड्यावस्त्यांना पाणी द्यायचं. बालाजी दिवसाला तीन खेपा करायचा. आमच्या गल्लीतही तेच पाणी यायचं.

मी ज्या विहिरीत पोहायचे तिचा तळ उघडा पडला होता. आणि मी मोठ्या स्पर्धेला नाव दिलं होतं. आधीच्या सगळ्यांपेक्षा लांब. चार महिने हातात होते.

खडी केंद्राच्या मागं एक बंद पडलेली खाण आहे. तिच्यात हिरवं पाणी राहिलं होतं. बालाजीनं आधीच बजावलं होतं, "काहीबी कर, पन त्या खाणीत उतरू नको." मी बरं म्हणाले. नंतर सायकलला जाते सांगून मी तिथं चार वेळा पोहले. कपडे येताना वाऱ्यावरच वाळायचे. तिसऱ्या वेळी घोटभर पाणी नाकातोंडात गेलं. त्याला चिखलाचा आणि कशाचा तरी कुजका वास होता.

त्या आठवड्यात मला जुलाब लागले. पण ते एकट्या मला नव्हते. गल्लीत चार घरांत होते. साखर-मिठाचं पाणी पिऊन तीन दिवसांत सगळे बरे झाले. मी पाचव्या दिवशी सायकल काढली.

मुंग्या

दहाएक दिवसांनी लांबच्या सायकलीनंतर तळपायांना मुंग्या आल्या. सायकल चालवणाऱ्यांना येतातच. मी बुटाच्या नाड्या सैल केल्या. संध्याकाळीही मुंग्या होत्या, सकाळीही होत्या. घोट्यांपर्यंत कुणी ओले मोजे घातलेत असं वाटत होतं. तरी पळायला गेले. रस्त्यावर माझं डावं पाऊल फटफट वाजत होतं. चप्पल निसटलेल्या माणसासारखं. रेल्वे फाटकाजवळ मी पडले. खरचटलं, रक्त आलं. पुसलं आणि चालत घरी आले. घरी सांगितलं, खड्डा होता.

त्याच दिवशी केंद्रावर नमुन्याची बाटली बोटांतून निसटून फुटली. दूध घालायला आलेल्या एका म्हातारीनं माझ्याकडं बघितलं. "ताई, हात कावून थरथरतेत?" मी म्हणाले, झोप झाली नाही.

गावातल्या एका डॉक्टरांकडं गेले. त्यांनी सांगितलं, अशक्तपणा आहे, उन्हात पळता, वरून दुष्काळ, जेवण तरी नीट करता का? सलाईन लावलं. मला बरं वाटलं. मला तेच ऐकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी संडासात बसले आणि उठता येईना. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं पाहिजे, कारण बऱ्याच जणांना पहिल्यांदा तिथंच कळतं. भिंतीला धरलं, बादलीला धरलं, पाय उचलेनात. दुखत नव्हतं. नुसते माझे नव्हते ते पाय. पंधरा मिनिटांनी आत्याला हाक मारली. तिनं कडी वाकवून दार उघडलं, माझ्या काखेत हात घातले आणि ओढून उभं केलं.

"डॉक्टर म्हणालेत अशक्तपणा आहे," मी म्हणाले.

"अशक्तपना मला नको सांगू. माझी पिशवी काढली तवा पंधराव्या दिवशी कोयता घेऊन फडात उभी होते मी. अशक्तपना कसा आसतो ते मला ठाव हाय. हे अशक्तपनाचं न्हाई. चल दवाखान्यात."

आत्यानं तरुणपणी बारा-तेरा हंगाम ऊस तोडला होता. गर्भाची पिशवी काढल्याचं ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलली.

तिनं बालाजीला फोन लावला. तो भरलेला टँकर घेऊन वस्तीकडं निघाला होता. तसाच वळला. दोघांनी मला उचलून केबिनमध्ये चढवलं. अंबाजोगाईपर्यंत मागं पाणी हिंदकळत होतं. त्या वस्तीवरचे लोक त्या दिवशी रिकामे हंडे घेऊन बसून राहिले, हे मला नंतर कळलं.

हातोडी

सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टर मॅडमनी माझ्या गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर मारली. तोही नाही. घोट्यावर, कोपरावर. त्यांचा चेहरा बदलला, तरी मला काही वाटलं नाही. मी बघत होते, जसं दुसऱ्याच्या दुधाचा नमुना बघते.

"महिन्याभरात जुलाब झाले होते का?"

"झाले होते."

"पाणी कुठलं प्यायलात?"

मी तोंड उघडायच्या आत बालाजी बोलला. "टँकरचं. मीच आनतो."

मी गप्प राहिले.

पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं, नसांना झटके देऊन पाहिलं. मॅडमनी बालाजीला आणि आत्याला माझ्यासमोरच बसवून सांगितलं. जीबीएस म्हणतात याला. एखादा संसर्ग येऊन जातो आणि त्यानंतर शरीर आपल्याच नसांवर उलटतं. पायापासून सुरू होतं, वर चढतं. औषध आहे, बहुतेक लोक बरे होतात, वेळ लागतो. पण छातीपर्यंत चढलं तर श्वासाला मशीन लावावं लागेल.

"कुनाचं लागलं का हे तिला?" आत्यानं विचारलं.

"लागत नाही हे. तुम्ही जवळ बसा तिच्या."

मी विचारलं, "तीन महिन्यांनी माझी स्पर्धा आहे." हा प्रश्नही नव्हता. बालाजी खिडकीकडं बघत राहिला.

आकडे

अतिदक्षता विभागात कांबळे सिस्टर दर दोन तासांनी यायच्या. "मोठा श्वास घ्या ताई, आणि एका श्वासात एक-दोन-तीन म्हणत जा. थांबाल तिथला आकडा लिहायचा."

पहिल्या दिवशी सव्वीस. पोहणाऱ्या बाईला सव्वीस म्हणजे काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एकोणीस, दुपारी चौदा. हात खांद्यापर्यंत गेले होते. दहाच्या खाली आलं तर नळी घालायची, हे मी डॉक्टरांच्या बोलण्यात ऐकलं होतं. म्हणून मी आकडे भरभर म्हणायला लागले. एकदोनतीनचार. सिस्टरांनी हात वर केला.

"ताई, ही स्पर्धा नाही. खोटा आकडा लिहिला तर आम्हाला उशिरा कळेल. सावकाश म्हणा."

सावकाश म्हटले. अकरा.

माझ्या आयुष्यात मी इतक्या वेळा मोजलंय. दुधाचे कॅन, विहिरीच्या फेऱ्या, पळतानाचे मैलाचे दगड. अकरापाशी मला कळलं की यापुढं जोर लावण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. भीती म्हणावी तर तीही नव्हती. कुणीतरी आवाज बंद केलेला टीव्ही चालू ठेवलाय असं वाटत होतं. खाटेशेजारी मशीन आणून ठेवलं होतं, त्याच्यावर पांढरं कापड. मी त्या कापडाकडं बघत होते.

अकरा दोन दिवस टिकलं. शिरेतून औषध चालू होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी तेरा आला. सिस्टरांनी तो आकडा लिहिला, वहीकडं पुन्हा बघितलं आणि माझ्या गळ्याखालचा घाम ओल्या फडक्यानं पुसला. "तेरा," त्या म्हणाल्या. मशीन संध्याकाळी दुसऱ्या खाटेकडं नेलं.

लोकांना वाटतं सुन्न म्हणजे दुखत नाही. तसं नाही. पायाला सुई टोचली तर कळायचं नाही, आणि चादर नुसती सरकली तर पाठ पेटायची. डोळे पूर्ण मिटत नव्हते, झोपताना सिस्टर पापण्यांना चिकटपट्टी लावायच्या. प्यायलेलं पाणी ओठांच्या कोपऱ्यातून ओघळायचं. आत्या चमच्यानं पेज भरवायची, हनुवटीखाली हात धरून. तिनं माझे केस विंचरले, नखं कापली. दुपारी माझे तळपाय मांडीवर घेऊन चोळत बसायची.

"आत्या, मला कळत नाही त्यात."

"मला कळतंय की," ती म्हणायची आणि चोळत राहायची.

वैष्णवी

सर्वसाधारण वॉर्डात हलवल्यावर वैष्णवी आली. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. माझा चेहरा एका बाजूला ओघळला होता, हसले तर तोंड वाकडं व्हायचं, म्हणून मी हसले नाही. ती मोबाइलकडं बघत राहिली. मला हात लावला नाही.

जाताना म्हणाली, "मम्मी, मी पन तेच पाणी पिलते. मला पन होईल का?"

मी म्हणाले, नाही होत. सगळ्यांना नाही होत.

"मग तुलाच कावून?"

याचं उत्तर मला तोंडापर्यंत आलं होतं. खाणीचं. पण मागं बालाजी उभा होता.

उभा टँकर

चौथ्या आठवड्यात संघाचे व्यवस्थापक भेटायला आले. नारळपाणी आणलं होतं. इकडचं तिकडचं बोलले. छावणीत इतकी जनावरं, दूध इतकं. मग खुर्ची जवळ ओढली.

"अनिताताई, बालाजीला जरा सांगा. टँकर तीन आठवडे उभा हाय. दुसरा ड्रायव्हर मिळंना. वस्तीवाले रोज केंद्रावर येऊन बसतेत."

"उभा कशामुळं?"

त्यांना वाटलं मला माहीत असेल. "तो म्हनतो, मी हातानं बायकोला इख पाजलं. आता पानी भरनार न्हाई."

ते गेल्यावर मी छताकडं बघत पडून राहिले. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. जे पायांना झालं होतं तेच आतही झालं होतं. पण एवढं कळत होतं की हे थांबवणं माझ्या हातात आहे, आणि मी चार आठवडे थांबवलं नाही. का नाही, तेही खरं लिहिते. खाणीचं पाणी असेल तर हे माझ्या हौसेनं झालं. टँकरचं असेल तर ते दुष्काळानं झालं, कुणाच्याही घरात झालं असतं. मला टँकरचं हवं होतं.

बालाजी संध्याकाळी डबा घेऊन आला. आत्या बाजूला बसली होती. मी म्हणाले, "अहो, मी खाणीत पोहत होते. चार वेळा. पाणी पोटात गेलं होतं."

तो डबा उघडत होता, तो त्यानं तसाच ठेवला. "कवा?"

"जुलाब लागायच्या आधी."

"मी सांगितलतं ना तुला?"

"सांगितलं होतं."

"अन् डॉक्टरनं इचारलं तवा? मी तिथं उभा होतो. तुझ्यासमोर बोललो मी, टँकरचं म्हनून. कावून बोलली न्हाईस?"

त्याचा आवाज चढला नव्हता. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तोंड दुसरीकडं केलं. तो उभा राहिला, मोटारसायकलची किल्ली चाचपली आणि निघून गेला. डबा तिथंच होता.

आत्यानं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "तू पानी कुठलं पेलीस ते देवाला ठाव. पन माझ्या लेकाला महिनाभर जाळलंस तू." आणि माझे पाय मांडीवर घेऊन चोळायला लागली. रोजच्यासारखं.

तीन दिवस तो आला नाही. वैष्णवीला शाळेत सोडायचं, घरचं सगळं तो करत होता, फक्त इकडं येत नव्हता. चौथ्या दिवशी आला. दाढी केलेली होती. खाटेजवळ उभा राहून म्हणाला, "काल दोन खेपा केल्या."

त्यानं बाहेर जाऊन डॉक्टर मॅडमना विचारलं, हे मला दारातून दिसत होतं. खाणीचं की टँकरचं? मॅडम हातांनी काहीतरी समजावत होत्या. आत येऊन त्यानं मला सांगितलं, "त्या म्हनल्या सांगता येत न्हाई. दोन्हीतलं कोनतंबी असंल. न्हाईतर दोन्हीबी नसंल."

"मग?"

"मग काय. जेव."

तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. मिटला असं म्हणणार नाही. अजूनही तो टँकर धुऊन घेतो तेव्हा तोटीचं पाणी ओंजळीत घेऊन वास घेतो. मी बघते आणि आत जाते.

बटण

फिजिओथेरपीच्या खोलीत दोन समांतर लोखंडी दांडे होते. त्यांच्यामध्ये उभं राहायला मला अकरा दिवस लागले. उभी राहिले तेव्हा समोरच्या आरशात मी दिसले. मांड्या इतक्या बारीक झाल्या होत्या की सलवारीत बांबू घातल्यासारख्या दिसत होत्या. तिथल्या ताई म्हणाल्या, "तुम्ही खेळाडू, लवकर बऱ्या व्हाल." मी पहिला आठवडा तसंच समजून रोज दुप्पट व्यायाम केला आणि दोन दिवस मान उचलता आली नाही. या आजारात थकवा येईपर्यंत करायचं नसतं. थकव्याच्या आधी थांबायचं. हे शिकायला मला चालण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

घरी आल्यावर मी आत्याच्या चोळीला बटणं लावायचा सराव करायचे. सुईदोरा नव्हे, नुसतं बटण काजात घालायचं. एक दिवस दुपारभर बसून सहा बटणं घातली. संध्याकाळी वैष्णवीनं कॅलेंडरकडं बघून सांगितलं, "मम्मी, आज तुझी रेस होती."

मी विसरले होते. खरंच विसरले होते. बरं म्हणाले आणि सातवं बटण घ्यायला लागले. वैष्णवी जवळ येऊन बसली. तिनं काज धरलं, मी बटण घातलं. आजारी पडल्यापासून ती पहिल्यांदा इतक्या जवळ बसली होती. तिच्या दप्तराचा, घामाचा वास आला.

सात महिन्यांनी मी केंद्रावर कामाला लागले. डाव्या पायात प्लास्टिकची पट्टी घालते, नाहीतर पाऊल खाली लोंबतं. घोट्यांच्या खाली अजून ओले मोजे घातल्यासारखं असतं. बोटं बरी आहेत. सायकल पडवीत आहे, तिच्यावर आत्यानं तिचं जुनं लुगडं टाकलंय. मी विकलीही नाही, काढलीही नाही. विचारणाऱ्यांना सांगते, बघू.

ज्यांच्यावर हे आलंय त्यांना दोनतीन गोष्टी सांगते. दोन्ही पायांना सारख्याच मुंग्या असतील आणि त्या रोज थोड्या वर सरकत असतील, तर सहन करत बसू नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा. डॉक्टर जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या, घरच्यांसमोर अवघड असेल तर त्यांना बाहेर पाठवून द्या. आणि ज्यांचं माणूस आजारी आहे त्यांनी "काही होत नाही, बरी होशील" असं रोज म्हणू नये. ते ऐकून ऐकून आजारी माणूस बोलायचं बंद करतो.

चकलांब्याचा माणूस

पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टर मॅडमचा फोन आला. एक पेशंट आहे, तुमचाच आजार. कुणाशी बोलत नाही, जेवत नाही. याल का?

मी एसटीनं गेले. वॉर्डात खाटेवर एक पन्नाशीचा माणूस होता, नाव महादू. मूळचा गेवराईकडच्या चकलांब्याचा, मेंढरं घेऊन चाऱ्याच्या शोधात अंबाजोगाईच्या बाजूला सरकला होता आणि इथंच पाय गेले. मेंढरं भावाच्या हवाली होती. बायको खाली जमिनीवर बसली होती. तिनं मला बघून डोक्यावर पदर घेतला.

"ह्या ताईंना बी हेच झालतं," ती त्याला म्हणाली. "बघा, बऱ्या झाल्यात."

त्यानं डोळे मिटून घेतले. असं सांगणारे त्याच्याकडं रोज येत असणार.

मी स्टुलावर बसले. म्हणाले, "पूर्ण बरी नाही झाले."

त्यानं डोळे उघडले.

"तुमच्या बायकोला खोटं पाडत नाही मी, पण खरं सांगते. पायाला अजून कळत नाही. पळता येत नाही. वर्ष झालं."

"मेंढरामागं दिवसाला दहा कोस चालावं लागतंय मला," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. बायको एकदम सरळ बसली.

"माहीत आहे."

"जमंल का?"

"मला माहीत नाही, दादा."

तो माझ्याकडं बघत राहिला. मग म्हणाला, "चालून दावा."

मी उठले. खाटांच्या मधल्या वाटेनं दारापर्यंत गेले. डावा पाय थोडा बाहेरून फिरवून टाकावा लागतो, पट्टी करकर वाजते. वॉर्डातले सगळे बघत होते. दाराशी वळले आणि परत आले. त्याची नजर माझ्या चेहऱ्यावर नव्हती, पावलांवर होती. मेंढपाळ लंगडणाऱ्या जनावराच्या खुराकडं बघतो तशी.

"त्यो पाय कुठनं उचलता? कमरंतनं?"

"हो, कमरेतून."

"पुन्यांदा चाला," तो म्हणाला. "हळू."

मी पुन्हा निघाले, हळू. मागून त्याची बायको म्हणत होती, "आधी दोन घास खा, मग बघा," आणि तो म्हणत होता, "थांब. दे, पन थांब. बघू दे."